दगडाची भुकटी वावराला कधी आणि कशी द्यावी: खानदेशापुरतं

चार वर्षांपूर्वी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पंधरा दिवस असताना, मी खडी क्रशरवरून दोन ब्रास (साधारण नऊ टन) डस्ट, म्हणजे खडी फोडताना निघणारी दगडाची भुकटी, आणली आणि बोरीकाठच्या काळ्या वावरात दीड एकरावर पसरली. दगडात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, लोह आहे, सिलिका आहे, मग ते पिकाला मिळेलच, एवढाच माझा हिशेब होता. सासरे बांधावर उभे होते. 'काया वावरमा दगड कसाले टाकस?' एवढंच म्हणाले. त्या वर्षी कपाशीत काडीचाही फरक दिसला नाही. आजही त्या तुकड्यात वखर चालला की पाशीखाली करकर आवाज येतो, आणि माती हातात चुरली तर बाजरीच्या दाण्याएवढे काळे खडे जसेच्या तसे बोटांना लागतात.

सासऱ्यांचा प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला मला पुढचे तीन हंगाम लागले. आमचं दुसरं, टेकडीच्या उताराचं मुरमाड वावर आहे, तिथे मी पट्टे पाडून करून बघितलं, माती तपासली, क्रशरवाल्यांना विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बसले. आता पारोळा-अमळनेरकडची ओळखीची मंडळी फोन करून विचारतात, 'ताई, दगडाची पावडर टाकू का?' प्रत्येकाला तेच सांगते ते इथे नीट क्रमाने लिहिते आहे.

१. आधी जमीन ओळखा, मग दगडाचं बघा

खानदेशातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचं पठार झालं, त्याच थरांवर आपण शेती करतो. आपली काळी माती हा त्याच दगडाचा झिजून झिजून झालेला चुरा. निसर्गाने तो इतका बारीक दळला आहे की कुठल्याही क्रशरला ते जमणार नाही. म्हणजे काळ्या कसदार वावरात बेसाल्टची भुकटी टाकणं म्हणजे जे आधीच कोठार भरून आहे त्यात तेच धान्य ओतणं.

त्यात आणखी एक अडचण. दगड विरघळतो तो आंबटपणामुळे. पावसाच्या पाण्यात कर्बवायू मिसळून सौम्य आम्ल होतं, मुळं आणि जिवाणू आम्लं सोडतात, त्याने दगडातली खनिजं सुटी होतात. आपल्याकडच्या भारी जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, वर चुनखडी. अशा जमिनीत ते आम्ल दगडापर्यंत पोचायच्या आत चुनखडीच पिऊन टाकते. म्हणून ब्राझीलमध्ये किंवा केरळच्या आंबट, धुऊन गेलेल्या तांबड्या मातीत जे घडतं ते आपल्या काळ्या रानात तसंच घडेल असं धरू नका.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात चार वर्षं मका-सोयाबीनच्या शेतात बेसाल्टची भुकटी टाकून उत्पादन १२ ते १६ टक्क्यांनी वाढल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. बातमी खरी आहे. पण तिथे दर वर्षी हेक्टरी ५० टन भुकटी टाकली होती, म्हणजे एकरी २० टन, आपल्या भाषेत साडेचार ब्रासच्या आसपास, दर वर्षी. शिवाय तिथल्या मातीला आंबटपणा घालवायला एरवीही चुना द्यावा लागतो. आपल्याकडे चुना आधीच नको इतका आहे.

मग खानदेशात ही भुकटी कुठे कामाची?

- टेकडीपायथ्याच्या, उताराच्या मुरमाड, बरड जमिनीत, जिथे वरची बारीक माती वाहून गेली आहे.
- शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या ढिगात. माझ्या मते हा तिचा सगळ्यात चांगला उपयोग.
- रोपवाटिकेच्या पिशव्यांत, कुंड्यांत, परसबागेत, जिथे माती थोडी आणि तीच ती वापरलेली असते.

आणि कुठे पैसे घालू नयेत: तापी, गिरणा, बोरी, पांझरा यांच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीत, कारण तिथे माती परीक्षण करून जिप्सम लागतं आणि दगडाची भुकटी जिप्समचं काम करत नाही, आणि जिथे पावसाळ्यात पाणी साचून राहतं तिथे, कारण त्या रानाला आधी चर हवा.

२. माती परीक्षण, आणि त्यात एक जादा गोष्ट मागा

मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. यात मुक्त चुना, म्हणजे मातीत मिसळलेली चुनखडी, नसतो. नमुना देतानाच 'मुक्त चुना पण बघा' असं सांगा, ती तपासणी वेगळी होते. माझ्या काळ्या वावराची पत्रिका माझ्याकडे होती, पण चुन्याचा आकडा नव्हता, आणि नेमका तोच आधी कळायला हवा होता.

नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या जुन्या ढिगाजवळची जागा सोडा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी कापून घ्या. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरू द्या. सावलीत वाळवा. काळं वावर आणि मुरमाड वावर यांचे नमुने वेगळे. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळे आणि नंदुरबारलाही आहेत. तिथे जाऊन अहवाल समजावून घ्या, नुसता कागद घेऊन परत येऊ नका.

सामू ८ च्या वर आणि मुक्त चुना १० टक्क्यांच्या पुढे असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तेवढ्या तुकड्यासाठी भुकटीचा विचार सोडा आणि तो पैसा शेणखतात घाला.

३. भुकटी काय देते आणि काय देत नाही

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या बेसाल्टच्या शंभर किलो भुकटीत ढोबळ मानाने ४८ ते ५० किलो सिलिका, दहाएक किलो चुन्याचा अंश, पाच-सहा किलो मॅग्नेशियमचा, तेरा-चौदा किलो लोहाचा असतो. स्फुरद पाव किलोच्या आसपास. पालाश बहुधा अर्ध्या किलोच्याही आत. नत्र शून्य.

हे झालं 'एकूण'. पिकाला लागतं ते 'उपलब्ध'. कोठारात धान्य असणं आणि ताटात भाकरी असणं यांत जेवढं अंतर, तेवढं या दोन शब्दांत आहे. पिशवीवर 'लोह १३ टक्के' असं छापलेलं असलं तरी त्यातलं यंदा पिकाला किती मिळणार हे त्या आकड्यावरून कळत नाही.

केळीवाल्या भावांसाठी एक हिशेब मांडते, कारण रावेर-यावलकडून हा प्रश्न फार येतो. केळीच्या एका झाडाला शिफारशीप्रमाणे साधारण २०० ग्रॅम पालाश लागतं. भुकटीत ०.३ टक्के पालाश धरलं तर २०० ग्रॅमसाठी ६६ किलो भुकटी झाली, एका झाडाला. पाच बाय पाच फुटांवर एकरात साधारण १७४० झाडं बसतात. म्हणजे एकरी ११५ टन. आणि तेवढी टाकली तरी त्यातलं पालाश एका वर्षात सुटणार नाही, ते वर्षानुवर्षं थोडं थोडं येईल. केळीचं पालाश दगडातून निघत नाही. ते घड कापल्यावर उभ्या राहिलेल्या खांबात भरपूर असतं आणि आपण तेच खांब बांधावर फेकतो किंवा नाल्यात ढकलतो. खांबांचे तुकडे करून बागेतच कुजवा, पालाशची खरी परतफेड तिथून होते.

ब्राझीलने २०१३ मध्ये दगडाच्या भुकटीला कायद्यात जागा दिली आणि २०१६ मध्ये तिचे निकष ठरवले. त्यात पालाश किमान १ टक्का हवं अशी अट आहे. आपला नेहमीचा काळा दगड त्या अटीत बसायचा नाही. तिकडच्या चित्रफिती बघताना एवढं लक्षात असू द्या.

दुसरी फसगत लोहाची. भुईमूग पिवळा पडला, लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, की कुणीतरी सांगतं 'दगडात लोह असतं, पावडर टाक'. आपल्या जमिनीत लोहाचा तोटा नाहीच. चुनखडीमुळे ते अडकून पडलेलं असतं. आणखी लोह टाकून तेही अडकणार. तिथे फेरस सल्फेटची फवारणी किंवा चिलेटेड लोह (मातीत अडकणार नाही अशा रूपातलं), आणि दीर्घकाळासाठी सेंद्रिय खत, हाच उपाय.

तिसरी, रॉक फॉस्फेट आणि दगडाची भुकटी एकच समजण्याची. रॉक फॉस्फेट हे स्फुरदाचं खनिज आहे, राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याच्या खाणीतून येतं. तेही आपल्या अल्कधर्मी जमिनीत थेट टाकलं तर फारसं विरघळत नाही, शेणखतात कुजवूनच द्यावं लागतं.

मग भुकटी खरंच काय देते? हळूहळू सुटणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, थोडी सूक्ष्मद्रव्यं, आणि मुरमाड जमिनीत बारीक कणांची भर. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिकं सिलिकॉन बरंच उचलतात. मी मुरमाड तुकड्यात जे बघितलं ते सांगते: खत आणि भुकटीच्या पट्ट्यात ज्वारीची ताटं वाऱ्याला जास्त उभी राहिली, पानं हाताला जरा खरखरीत लागली. दाण्याच्या वजनात फरक होता, पण थोडा, आणि तो पहिल्या वर्षी नव्हताच.

४. माल कुठून आणायचा

क्रशरवर तुम्हाला तीन गोष्टी दिसतील. एक, नेहमीची 'डस्ट', जी ब्लॉक आणि भरावाला जाते. तिच्यात बारीक वाळूपासून पिठापर्यंत सगळं मिसळलेलं असतं. दोन, धुतलेली कृत्रिम वाळू. ती आपल्या कामाची नाही, कारण धुताना आपल्याला हवा तो बारीक भागच निघून जातो. तीन, ती वाळू धुतलेल्या पाण्याच्या हौदात तळाशी बसलेला राखाडी गाळ. मला सगळ्यात बारीक माल तिथे मिळाला. वाळला की ढेपळं होतात आणि मुठीत चुरली की मैदा. फक्त तो लवकर बसावा म्हणून पाण्यात काही रसायन घालतात का, एवढं विचारून घ्या. घालत असतील तर तो माल सोडा.

हे मात्र आणू नका:

- डांबर प्लांटवरची डस्ट. माझ्या पहिल्या दोन ब्रासमध्ये असा माल मिसळलेला निघाला. काळ्या चिकट गाठी होत्या, उन्हात तापल्यावर डांबराचा वास यायचा. क्रशर आणि डांबर प्लांट एकाच आवारात असतील तर ढीग कुठला ते स्वतः उभं राहून बघा.
- मार्बल, कोटा, फरशीच्या दुकानातली पांढरी पावडर. तो चुनखडीचा दगड. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणखी चुना.
- ग्रॅनाइट कापताना निघालेला चिखल. त्यात पात्याचे आणि पॉलिशचे कण असतात, आणि मोकळी सिलिका भरपूर असल्यामुळे फुफ्फुसाला बेसाल्टपेक्षा जास्त घातक.
- औष्णिक केंद्राची राख. दीपनगरची राख दिसायला तशीच राखाडी, पण ती कोळशाची राख आहे, दगड नव्हे. तिचे गुण-दोष वेगळे, हा लेख तिला लागू नाही.

एखाद्या खाणीत दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, काचेसारखे स्फटिक दिसले तर तो माल चांगला समजा. आपल्या जळगावच्या खाणींतले हे स्फटिक जगभरचे संग्राहक विकत घेतात. त्यातले बरेच झिओलाइट गटाचे असतात, आणि झिओलाइट अमोनिया धरून ठेवतं. शेणखताच्या ढिगाला नेमकं तेच हवं असतं.

अंतराचा हिशेब आधी करा. भुकटीपेक्षा भाडं महाग पडतं. दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडून आणावी लागत असेल तर मी आणणार नाही. एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो, ओला असेल तर जास्त, म्हणून वजनकाटा करूनच पैसे द्या.

आणि जवळच्या धरणाचा, पाझर तलावाचा गाळ मिळत असेल तर मुरमाड वावराला आधी तो द्या. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. गाळ म्हणजे नदीने फुकट दळून दिलेली दगडाची भुकटी, वर त्यात चिकण कण आणि कुजलेला पालापाचोळा. त्याच्यासमोर क्रशरची डस्ट दुय्यम.

५. घरच्या घरी चार तपासण्या

क्रशरवरून आधी फक्त पाच किलो आणा. ट्रॉली नंतर.

चाळणी. एक किलो वाळलेली भुकटी मैद्याच्या चाळणीने चाळा, मग खाली पडलेली जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करा. फडक्याखाली जे पडेल तेच लवकर कामाला येणार. माझ्या पहिल्या डस्टमध्ये किलोमागे १३० ग्रॅम निघालं, हौदाच्या गाळात ८०० च्या वर. कण दसपट बारीक झाला की तेवढ्याच वजनात मुळांना आणि पाण्याला भिडणारं अंग दसपट होतं, म्हणून एवढा आटापिटा.

बरणी. लोणच्याच्या काचेच्या बरणीत मूठभर भुकटी, वर वीतभर पाणी. झाकण लावून जोरात हलवा, खाली ठेवा आणि चाळीसपर्यंत आकडे मोजा. तोवर तळाला बसली ती वाळू. तरंगत राहिलं ते आपलं. माझ्या पहिल्या मालाचं पाणी चाळीसच्या आत वरून जवळजवळ नितळ झालं होतं. हौदाच्या गाळाचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दुधासारखं गढूळ होतं.

आम्ल. चिमूटभर भुकटीवर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका, लांबून, हातमोजा घालून. थोडे बुडबुडे आले तर चालेल, दगडाच्या फटीत थोडा चुना असतो. फेस उसळला तर तो चुनखडीचा माल आहे, परत करा.

लोहचुंबक. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या भुकटीतून फिरवा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्याचे काळे केस पिशवीला चिकटतात. काहीच चिकटलं नाही तर दगड दुसरा आहे.

६. कागद जवळ ठेवा

दगड, खडी, डस्ट ही गौण खनिजं. शेतात टाकायला नेतो म्हणून सूट मिळते असं गृहीत धरू नका. आमच्या ओळखीतला एक ट्रॅक्टर रात्री थांबवला गेला आणि सोडवायला आठवडा गेला, कारण चालकाकडे फक्त क्रशरची साधी चिठ्ठी होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्ती होऊ शकते.

बरोबर हवं ते असं:

- क्रशरवाल्याने सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून काढून दिलेला वाहतूक पास. त्यावरचा गाडी नंबर, तारीख आणि वेळेची मुदत तपासा. मुदत संपलेला पास म्हणजे पास नाही.
- मालाचं बिल, त्यावर 'स्टोन डस्ट' असं स्पष्ट लिहिलेलं.
- वजनकाट्याची पावती.
- आपला सातबारा, माल कुठल्या गटात उतरणार हे दाखवायला.
- तलावाचा गाळ आणत असाल तर ग्रामपंचायतीकडे आणि तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या.

सेंद्रिय प्रमाणीकरण असेल तर भुकटी वावरात पडण्याआधी प्रमाणीकरण संस्थेकडून लेखी होकार घ्या. आणि कुणी हीच भुकटी रंगीत पिशवीत 'खत' म्हणून विकत असेल तर खत नियंत्रण आदेश १९८५ खालचा परवाना आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागा. 'भूसुधारक' असा गोल शब्द लिहून दहापट भाव लावलेला मी डोळ्यांनी बघितला आहे. आतलं पीठ त्याच क्रशरचं.

७. नाकातोंडाला जपा

ही पायरी कुणीही गाळू नये. बारीक दगडाची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि निघत नाही. बेसाल्टमध्ये मोकळी गारगोटी कमी असते म्हणून तो ग्रॅनाइटपेक्षा बरा, पण निर्धोक नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दुपारी वारा सुटतो. त्या वाऱ्यात भुकटी उधळायची नाही. पहाटे, वारा पडलेला असताना, भुकटीवर आधी पाणी शिंपडून, मुठीत दाबली तर गोळा होईल इतपत ओली करूनच टाका. मजुरांना एन-९५ मास्क द्या. उपरण्याने ही धूळ अडत नाही. लेकरांना त्या दिवशी वावरात आणू नका.

८. खताच्या ढिगातून द्या

दगड विरघळवायला जे रानात नाही ते ढिगात आहे: उष्णता, ओल, कुजताना निघणारी आम्लं, कोट्यवधी जिवाणू. संक्रांत झाली की ढीग लावा, आखाजीपर्यंत खत तयार.

माझं प्रमाण टनाला ५० किलो, म्हणजे शंभराला पाच. सिमेंटची रिकामी गोणी भुकटीने भरली की पन्नास-पंचावन्न किलो होते, त्यामुळे दोन-अडीच टनांच्या ट्रॉलीला दोन गोण्या पुरतात. शंभराला दहाच्या पुढे जाऊ नका, ढीग जड आणि गच्च होतो, हवा खेळत नाही.

सावलीची, पाणी न साचणारी जागा निवडा. तळाला तुरीच्या नाहीतर पऱ्हाटीच्या काड्या, तुकडे करून. वर नऊ इंच शेणखत आणि पालापाचोळा, त्यावर चाळलेली भुकटी हाताने सारखी भुरभुरवायची, रोटीवर पीठ टाकतो तशी. वर पाणी, शेणकाला किंवा जीवामृत. असे थर देत तीन-चार फूट उंच ढीग करा. रुंदी पाच-सहा फूट, लांबी जागेप्रमाणे. वरून पालापाचोळा किंवा जुनं गोणपाट.

महिन्याने ढीग वरखाली करा. तेव्हा आत हात घालून बघा. भुकटी नीट मिसळली असेल तर राखाडी पट्टे दिसत नाहीत. पट्टे दिसले तर थर जाड पडले होते. ढीग कोरडा असेल तर काहीच घडत नाही. मूठ दाबली की बोटांत ओल यावी, पाणी टपकू नये. गांडूळ खताच्या बेडमध्ये टाकायची असेल तर शंभराला दोन-तीनच, आणि वस्त्रगाळच. खरखरीत डस्ट गांडुळांना नको.

ठिबकवाल्यांना हात जोडून सांगते: भुकटी ढवळून ते पाणी व्हेंचुरीतून (ठिबकमध्ये खत ओढणाऱ्या नळीतून) सोडू नका. फिल्टर तर जातोच, तोट्या कायमच्या बुजतात.

कुंडीसाठी दहा इंची कुंडीला एक मूठ वस्त्रगाळ भुकटी, तीही कंपोस्टमध्ये कालवून. वर नुसती पसरू नका, पाणी दिलं की पापडी धरते.

९. वावरात: पूर्ण एकरावर नको, पट्ट्यांवर

मिरगाच्या आधी, शेवटच्या वखरपाळीच्या वेळी खत द्या आणि लगेच मातीआड करा. वरच राहिलं तर पहिल्या वळवाच्या पावसात उताराने वाहून जाईल.

मुरमाड वावराचे चार सारखे पट्टे पाडा, उताराला आडवे:

- पहिला, काहीच नाही, तुम्ही एरवी करता तेवढंच.
- दुसरा, नुसतं शेणखत.
- तिसरा, भुकटीच्या ढिगातलं खत, तेवढंच.
- चौथा, खत आणि शिवाय बारीक भुकटी थेट, एकरी एक टनाच्या हिशेबाने.

दुसरा पट्टा कधीही वगळू नका. बहुतेक लोक भुकटी आणि खत एकत्र टाकतात, पीक चांगलं येतं आणि श्रेय भुकटीला जातं, तिथेच फसतात. माझ्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यातला फरक पहिल्या वर्षी दिसला नाही, दुसऱ्या वर्षी थोडा दिसला. चौथा पट्टा तिसऱ्यापेक्षा पुढे गेला नाही, म्हणून थेट भुकटी टाकणं मी आता बंद केलं आहे.

पीक ज्वारी, बाजरी किंवा मका घ्या. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यांत तूर किंवा मूग. कपाशीवर पहिला प्रयोग करू नका. बोंडअळी, पाऊस, वेचणी यांचे इतके घोळ असतात की भुकटीचा हिशेब त्यात हरवतो.

१०. नोंद

पट्ट्यांच्या टोकांना दगड रोवा आणि त्यांवर ऑइलपेंटने आकडे लिहा. बांबूच्या खुंट्या उन्हाळ्यात सरपणात जातात, माझ्या गेल्या. वहीत एवढं लिहा: भुकटी कुठल्या खाणीची, किती गोण्या, वस्त्रगाळ किती निघाली, कुठल्या तारखेला टाकली, पुढचा पाऊस कधी झाला. काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या भागातून दहा फूट बाय दहा फूट मोजून तेवढीच कणसं वेगळ्या पोत्यात भरा, वाळवा आणि वजन करा. कडेचे तास (ओळी) घेऊ नका. कडबाही तोला.

माती परत तपासायची ती तिसऱ्या वर्षी, त्याच महिन्यात, त्याच जागांवरून. पहिल्या पत्रिकेची झेरॉक्स वहीला चिकटवून ठेवा, आणि नमुन्याच्या पिशवीवर पट्ट्याचा आकडा पेन्सिलीने लिहा. ओल लागली की पेनची शाई पसरते.

नव्या भुकटीसाठी क्रशरवर जाताना तीच वही आणि ती काचेची बरणी बरोबर न्या. हौदातला गाळ दर खेपेला सारखा नसतो.